मालिका वळण घेते तेव्हा : नव्या वाचकासाठी

ॲन राइस यांची व्हॅम्पायर कादंबरीमालिका तुम्ही नुकतीच हाती घेतली आहे, म्हणून जुन्या वाचकांचे मतभेद कानावर पडण्याआधीच एक विनंती करतो : कोणाच्याही सांगण्यावरून मधली पुस्तके गाळू नका. १९७६च्या पहिल्या पुस्तकात लुई हा व्हॅम्पायर आपली शोकांतिका सांगतो आणि त्यात त्याला व्हॅम्पायर बनवणारा लेस्टॅट क्रूर, उथळ दिसतो. १९८५च्या दुसऱ्या पुस्तकात तोच लेस्टॅट स्वतः बोलू लागतो आणि लुईच्या कथनावरचा आपला विश्वास डळमळतो. वळण घेणे हा या मालिकेचा मूळ स्वभावच आहे, असे माझे ठाम मत आहे.

वाचकांत खरी फूट पडते ती १९९५च्या पाचव्या पुस्तकावरून. त्यात लेस्टॅट स्वर्ग आणि नरक पाहतो, वधस्तंभाकडे निघालेल्या ख्रिस्ताचे रक्त पितो आणि ख्रिस्ताच्या चेहऱ्याचा ठसा उमटलेले व्हेरॉनिकाचे वस्त्र घेऊन परततो. सुरुवातीच्या पुस्तकांतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या दमट रात्रींवर जीव जडलेल्या अनेकांना ही धर्मचर्चा रुचली नाही; मला मात्र तो प्रसंग वाचून पुस्तक मिटावे लागले आणि बराच वेळ काही सुचले नाही. २०१६च्या पुस्तकात समुद्रात बुडाल्याची दंतकथा असलेले अटलांटिस अवतरले तेव्हा मीही नाराज झालो, कारण प्राचीन इजिप्तच्या राणीत शिरून व्हॅम्पायरांना जन्म देणाऱ्या आत्म्याचे गूढ तिथे विज्ञानकथेच्या अंगाने उलगडते.

तुम्ही प्रकाशनक्रमानेच वाचा. पाचव्या पुस्तकाबद्दलचे मत मात्र सहावे संपेपर्यंत राखून ठेवा, कारण ते वस्त्र पाहून उन्हात गेलेल्या आर्मांड या दुसऱ्या व्हॅम्पायरची बाजू तिथेच कळते.