आधी त्याच्या घरी जाऊन ये

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मुली,

परवा कमाटीबागेत बाकावर बसून तू रडलीस, ते मनातून जात नाही. मी तुझ्यावर खेकसलेही. तू म्हणालीस, "बाई, या पालकांना काही कळतच नाही. मी पोरांच्या हातात माती देते, ते म्हणतात वही दाखवा." मी विचारलं, वही मागणाऱ्या त्या आईच्या घरी कधी गेली होतीस का? तू गप्प झालीस. मग मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

तुझी अडचण खरी आहे. २०२३च्या जूनपासून गुजरातेत सहा पुरी झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही, आणि मधे हे बालवाटिकेचं, पहिलीच्या आधीचं, वर्ष आलं. थोरली पाच वर्षांची असताना पहिलीत गेली आणि धाकटा त्याच वयात अजून मणी ओवतोय, असं ज्या घरात झालं, त्या घराला पोराचं वर्ष फुकट गेलं असं वाटणारच. काही पालक हायकोर्टात गेले, तिथे त्यांचं म्हणणं टिकलं नाही. वय ठरलं, धास्ती तशीच राहिली. ती धास्ती तुझ्याकडे येऊन वही मागते.

इतक्यात लिहायला का लावू नये म्हणून तू त्या आईला मनगटाच्या हाडांचं सांगितलंस. मनगटात आठ हाडं, आणि साडेतीन-चार वर्षांच्या पोराच्या एक्स-रेत त्यातली तीनचारच दिसतात, बाकीची अजून मऊ कूर्चाच असतात. अगदी बरोबर सांगितलंस. तरी ती रागावूनच गेली ना? तिला हाडांची काळजी नव्हतीच. तिला कसली काळजी आहे ते तुला शाळेच्या फाटकात उभं राहून कळणार नाही. त्यासाठी घरी जावं लागतं.

पाणीगेटकडचा एक मुलगा होता माझ्याकडे. पेन्सिल मुठीत धरायचा, कागद फाटेपर्यंत दाबायचा. मी नोंदवहीत लिहिलं, "हात कच्चा." डिसेंबरात त्याच्या घरी गेले, तर उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, तयारीत घरभर पतंग. बाप कामट्या चिकटवत होता आणि हा पोरगा त्याच्या मांडीशी बसून चिमटीत खळ घेत होता, कागदाच्या कडेला लावत होता, आत दोरा धरून कड दुमडत होता. पातळ झिरझिरीत कागद, आणि माझ्यासमोर त्याने एकही फाडला नाही. "हात कच्चा" म्हणे! घरी येऊन मी ती ओळ खोडली.

पुढच्या आठवड्यात बापाला वर्गात बोलावलं. तो भिंतीला टेकून संकोचून बसला आणि पोराने सगळ्यांना कड दुमडायला शिकवलं. त्या बापाने मला पुन्हा कधी "बेन, लखवानुं क्यारे?", बाई, लिहायला कधी शिकवणार, असं विचारलं नाही. मी त्याला काही पटवून दिलं नव्हतं. त्याच्या घरातली गोष्ट शाळेत आली होती, एवढंच.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर राहून बालशिक्षण शिकल्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तिथे शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या पोरांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. कोसबाडला तर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरवली. आज तो शब्द सरकारी पाटीवर आहे, पण त्यातलं अंगण कुणाचं होतं ते आपण विसरलो. पोराच्या घरचं अंगण होतं ते!

आपल्या या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता. फार मोठं काम, मला त्याचा अभिमान आहे. पण दंडाने पोर दारापर्यंत येतं. आईने विश्वासाने त्याचा हात तुझ्या हातात द्यावा, यासाठी कायदा नाही.

आता जे तुला बागेत सांगितलं नाही ते.

माझ्या नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक मुलगी होती. रोज दहाच्या सुमारास झोपायची, गाणं चालू असलं तरी. मी तिला उठवून तोंडावर पाणी मारायला लावायचे. आईला तीनदा चिठ्ठी पाठवली: मुलीला वेळेवर झोपवत जा. चौथ्यांदा तिला सगळ्यांसमोर बोलले. आई काही न बोलता पोरीला घेऊन गेली आणि मग दोघी आल्याच नाहीत. तीन आठवडे गेले, मग मी पत्ता शोधत गेले. एकच खोली. बापाची खाण्याच्या पदार्थांची हातगाडी रात्री साडेअकराला परत येई, मग भांडी घासायची, उरलेलं आवरायचं, मग अंथरूण पडे. ती पोर तोवर झोपणार कुठे? कोथिंबीर निवडत बसायची म्हणाली तिची आजी, आणि मोजून जुड्या बांधायची. दहादहाच्या. मी वर्गात तिला पाचपर्यंत मणी मोजायला शिकवत होते. आईने मला पाणी दिलं, चहा दिला, पण पोरीला परत पाठवलं नाही. मी चिठ्ठ्यांच्या आधी गेले असते तर? तिच्यासाठी वर्गात एक सतरंजी टाकली असती, एवढंच तर करायचं होतं. चाळीस वर्षं होत आली.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. दर वर्षी वर्गातल्या प्रत्येक घरी. मुख्याध्यापिकाबाईंना आवडायचं नाही. "शिक्षिकेने पालकांच्या घरी चहा प्यायला जायचं नसतं," म्हणायच्या. घरीही आवडायचं नाही. माझी मुलगी शनिवारी खिडकीत बसून वाट बघायची आणि मी वाडीत कुणाच्या तरी आजीशी बोलत असायचे. ती आता मोठी झाली, मला म्हणते, "आई, तू सगळ्यांच्या घरी गेलीस." यापुढचं वाक्य ती बोलत नाही. मला ते ऐकू येतं. तिच्याशी मी चुकले असेन. पण त्या घरांना गेले ते चुकले, असं मी आजही म्हणणार नाही. तुला मात्र सांगते, शनिवार सगळे देऊ नकोस. चोवीस पोरं आहेत, आठवड्याला दोन घरं धर, नवरात्राच्या आत सगळी होतात.

आणि जाताना नोंदवही नेऊ नकोस. पोराची तक्रार नेऊ नकोस, कौतुकही पाठ करून नेऊ नकोस. खाली बसायला लागलं तर खाली बस. पोर कुणापाशी झोपतं, गोष्ट कोण सांगतं, घरात कुठली बोली चालते, हाताने काय काय करतं, हे बघ. आई तुवेरच्या शेंगा सोलत असेल तर तूही सोलायला घे. पोरही सोलत असेल, तेव्हा तिला सांग की ही बोटं पेन्सिलीसाठीच तयार होताहेत. तिथे सांगितलेलं तिला पटेल. फाटकात उभी राहून सांगितलेलं भाषण वाटतं.

तू म्हणशील, बाई, वेळ कुठून आणू? पालकसभेच्या फलकाला रंग द्यायला वेळ होता ना? रागावू नकोस. तुझ्यात मला माझी ती पाचव्या वर्षातली मी दिसते, म्हणून आवाज चढतो. नोकरी सोडायची असेल तर सोड, पण त्या आईच्या घरी एकदा जाऊन आल्यावर सोड.

ती पाणीगेटच्या आतल्या गल्लीत राहते असं तू म्हणाली होतीस. येत्या शनिवारी पाचला जा. मी रिक्षाने गल्लीच्या तोंडापर्यंत येते, तिथल्या ओट्यावर बसते. आत तू एकटीच जा.

तुझी,
बाई