आमटी खारट झाली, पुढे काय?

“स्वयंपाकाला हात लावला की काहीतरी बिघडतंच” ही तक्रार समुपदेशनात माझ्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाच्या तरी आडून येते. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात नीट बोलणं होत नाही, असं सांगत माणूस बसतो आणि बोलता बोलता ओट्यापाशी येऊन थांबतो. यात नव्याने लग्न झालेल्या मुली असतात, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी असतात, आणि बायकोच्या आजारपणामुळे साठीला पहिल्यांदा गॅससमोर उभे राहिलेले पुरुषही असतात. त्यातल्याच एका काकांचा हा अनुभव, त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका सांगलीचे, निवृत्त. काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं स्वच्छ आहे, गिळायला त्रास नाही, पण उठून स्वयंपाकघरात जाणं होत नाही. मुलगा परगावी. काकांनी हौसेनं स्वयंपाक अंगावर घेतला आणि काही आठवड्यांत दोन्ही वेळचा डबा लावला.

“आमटीत मीठ दोनदा पडलं, मॅडम. मोरीत ओतली सगळी. हिला कळू नये म्हणून वरून नळ सोडला. पस्तीस वर्षं हिच्या हातचं जेवलो, एकदा काही बिघडलं नाही. मला साधी आमटी येत नाही, मी हिला काय सांभाळणार?”

मीठ जास्त पडण्यापासून ‘मी हिला सांभाळू शकत नाही’ इथपर्यंत ते दोन-तीन वाक्यांत पोहोचले होते. आल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या आणि मराठीत विवेकनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीत आम्ही नेमकी हीच उडी पकडतो. घडलं ते एक, आणि त्यावरून स्वतःला लावलेला निकाल वेगळा. मी विचारलं, “ओतण्याआधी चव घेतली होती?” घेतली नव्हती. मीठ दोनदा पडलं हे आठवलं, छातीत धडधडलं आणि भांडं उचललं. आमटी खरंच किती खारट होती हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढची भेट मी त्यांच्या घरी, काकूंच्या खाटेजवळ ठेवली. पस्तीस वर्षांत एकदाही बिघडलं नाही, हे काकांचं वाक्य मी त्यांना सांगितलं. काकू हसल्या. “अहो, बिघडत होतं की! तुमच्या ताटात येईपर्यंत मी निस्तरायची. दूध नासलं तर कलाकंद व्हायचा. तुम्ही दोनदा मागून खायचात.”

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला वाटतं, आपल्या घरांत ‘हाताला चव असते’ असं म्हणून आपण ही सगळी निस्तरण्याची कला झाकून टाकतो. शिकणाऱ्याला फक्त पानात वाढलेलं दिसतं आणि तो स्वतःच्या कढईशी त्याची तुलना करत बसतो.

मग काकू सांगत गेल्या आणि काका वहीत लिहीत गेले. पहिली गोष्ट, गॅस बंद करायचा. चव घ्यायची आणि मोठ्याने म्हणायचं: खारट, तिखट, आंबट की करपट. ‘बिघडलं’ हा शब्द वहीत लिहायचा नाही, ही अट माझी होती. आमटी खारट झाली तर गरम पाणी आणि वाटीभर बिनमिठाचं वरण घालून एक उकळी. त्यासाठी डाळ शिजली की थोडी बाजूला काढून ठेवायची सवय. कच्चा बटाटा टाकला की मीठ शोषलं जातं असं सगळेच सांगतात. बटाटा खारं पाणी पितो, पण उरलेल्या रश्श्याचा खारटपणा तेवढाच राहतो. खरं काम वाढवलेलं पाणी आणि डाळच करते.

इथे मी एका गोष्टीवर अडून बसले. लिंबू किंवा गूळ घातला की खारटपणा जिभेला कमी लागतो, पण मीठ भांड्यात तेवढंच असतं. काकूंना रक्तदाब आहे. मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा घरात चव झाकून उपयोग नाही, आमटी वाढवायची आणि निम्मी शेजारी द्यायची.

कांदा-लसूण मसाला हातून जास्त पडला तर नुसतं पाणी ओतून फारसं भागत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दाण्याचा कूट, ओल्या नारळाचं दूध, किंवा पानात दही. भाजी खाली लागली तर ढवळायचं नाही, खरवडायचं नाही. वरची भाजी दुसऱ्या भांड्यात काढून चव घ्यायची. करपट वास सगळीकडे गेला असेल तर मात्र ती सोडून द्यायची.

काकांना सगळ्यात जास्त छळलं ते भाकरीनं. थापताना तुटायची. काकूंनी पीठ चिमटीत घेऊन सांगितलं, “जुनं आहे, विरी गेली.” विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतोच. पिठात उकळतं पाणी घालून थोडा वेळ झाकून ठेवलं की ते चिकट होतं आणि मग मळता येतं. तरीही तुटली तर? “दुधात कुस्करून खाऊ,” काकू म्हणाल्या. महिनाभरात पहिल्यांदा काकूंना घरात काहीतरी काम मिळालं होतं, हे मला त्या दिवशी सर्वांत मोलाचं वाटलं. काकांनी नळ सोडून लपवलेलं त्यांना आधीच कळलेलं होतं आणि तेच त्यांना लागलं होतं.

नंतर एक वेगळाच पेच आला. काका काहीच टाकेनात. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊ लागले. तिथे मी स्पष्ट नाही म्हटलं. शिजवूनही टिकणारे काही जिवाणू उकाड्यात भातात वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही आणि वासही येईलच असं नाही. असा भात टाकताना अपराधी वाटून घ्यायचं नाही.

ज्यांना स्वयंपाकाच्या पलीकडेही दिवस दिवस उदास वाटतं, जेवण-झोप उडते, त्यांनी वहीवर थांबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

काका आता सकाळचं जेवण स्वतः करतात. आमटीची वाटी आधी काकूंपाशी जाते, त्या चव घेऊन सांगतात. संध्याकाळचा डबा अजून चालू आहे आणि तो बंद करा असं मी त्यांना सांगितलेलं नाही. दिवसभर आजारी माणसाचं करणाऱ्याला रात्री तयार ताट मिळायलाच हवं.