मंदिरातून नासरेथला की मिसर देशात?

प्रश्न : नाताळापूर्वी मी मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांचे (बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांचे) पहिले दोन-दोन अध्याय एका बैठकीत वाचले आणि गोंधळून गेलो. लूक सांगतो की मंदिरातील विधी आटोपल्यावर योसेफ आणि मरीया बाळासह नासरेथला परतले. मत्तय मात्र सांगतो की ते रातोरात मिसर देशात (इजिप्तमध्ये) निघून गेले आणि बाळाच्या जिवावर उठलेला राजा हेरोद मेल्यावरच परतले. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? बायबल वर्गात विचारले, तेव्हा ‘श्रद्धेने वाचा’ एवढेच उत्तर मिळाले. — एक वाचक, वसई

उत्तर : आपली शंका जुनी आहे आणि चर्चने ती कधी लपवून ठेवलेली नाही. इ.स. 400च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी चारही शुभवर्तमानांच्या मेळाविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात नेमक्या या जागी थांबून एक सूत्र मांडले : प्रत्येक शुभवर्तमानकार आपल्याला सांगायचे नाही ते गाळतो आणि उरलेले असे जोडतो की मध्ये काही सुटले आहे, हे वाचणाऱ्याला जाणवत नाही.

हे सूत्र सोयीसाठी काढलेली पळवाट आहे, असे आपल्याला वाटू शकेल. म्हणून लूकच्याच लेखनातील एक पुरावा पाहा. त्याच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय सलग वाचला, तर येशूचे पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण एकाच दिवशी, फार तर त्याच रात्री झाले असे वाटते. पण त्याच लूकने लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात या दोन घटनांमध्ये 40 दिवस आहेत. म्हणजे मधला काळ एका ओळीत गुंडाळून पुढे जाणे ही या लेखकाची पद्धतच आहे. तेव्हा दुसऱ्या अध्यायाच्या 39व्या वचनात नियमशास्त्राप्रमाणे सर्व पुरे केल्यावर ते गालीलात, म्हणजे नासरेथच्या प्रांतात परतले, असे तो लिहितो, तेव्हा ‘लगेच दुसऱ्या दिवशी’ असा अर्थ त्यातून काढलाच पाहिजे असे नाही.

ही सवलत दिली, की क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो. बेथलेहेमात जन्म झाला आणि त्याच रात्री मेंढपाळ आले. आठव्या दिवशी सुंता झाली. लेवीय पुस्तकाच्या 12व्या अध्यायाप्रमाणे मुलगा झालेल्या आईच्या शुद्धीकरणाचे 40 दिवस भरल्यावर यरुशलेमेच्या मंदिरात अर्पण झाले. त्यानंतर कुटुंब बेथलेहेमात असताना मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष आले, मग मिसर देशातील वास्तव्य आणि शेवटी नासरेथ. मागी लोकांना मंदिरातील अर्पणानंतर ठेवण्यास एक आधार खुद्द लूकच्या मजकुरात आहे. मरीयेने कोकराऐवजी पक्ष्यांचे अर्पण केले आणि ही सवलत नियमशास्त्राने ज्यांची कोकरू देण्याची ऐपत नाही त्यांना दिली होती. मागी लोकांनी भेट दिलेले सोने, ऊद आणि गंधरस आधीच घरात आले असते, तर हे चमत्कारिक ठरले असते. शिवाय हेरोदाने मागी लोकांकडून नीट चौकशी करून दोन वर्षे व त्याहून कमी वयाची मुले मारण्याचा हुकूम दिला, यावरून बाळ तेव्हा अगदी काही दिवसांचे नसावे. (मूळ ग्रीकमध्ये लूक ‘तान्हे’ आणि मत्तय ‘बालक’ असा शब्द वापरतो, हा मुद्दा प्रवचनांतून बरेचदा ऐकू येतो, तो टिकत नाही, कारण लूकनेही जन्माच्या रात्रीच्याच वर्णनात ‘बालक’ हा शब्द वापरला आहे.)

येथपर्यंत मेळ बसतो. पण दोन ठिकाणी तो सहज बसत नाही आणि ते मान्य केले पाहिजे.

पहिले ठिकाण घराचे. लूकच्या कथेत हे जोडपे मूळचे नासरेथचे आणि बेथलेहेमात नावनिशीपुरते (जनगणनेत नाव नोंदवण्यापुरते) आलेले. मत्तयाच्या कथेत नासरेथचे नाव आधी कोठेच येत नाही. मागी लोक बेथलेहेमात ‘घरात’ जातात आणि मिसर देशातून परतताना योसेफाचा ओढा बेथलेहेम ज्या प्रांतात आहे त्या यहूदियाकडेच दिसतो. तेथे हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे कळल्यावर तो घाबरून गालीलाकडे वळतो. मत्तय एकट्याने वाचणाऱ्याला हे कुटुंब बेथलेहेमचेच वाटेल. नावनिशीनंतर योसेफाने पूर्वजांच्या गावीच कायम राहायचे ठरवले होते, असे मानून ही फट बुजवता येते. मात्र हा आपला अंदाज आहे, शास्त्रवचन नव्हे.

दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. क्विरीनिय हा सूरियाचा (सिरियाचा) रोमन सुभेदार असताना ही नावनिशी झाली, असे लूक म्हणतो. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या वृत्तान्तानुसार क्विरीनियाची नावनिशी इ.स. 6मध्ये, अर्खेलावाला पदच्युत करून रोमने यहूदिया थेट ताब्यात घेतल्यावर झाली. हेरोद तर बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. 4मध्येच मरण पावला होता आणि येशूचा जन्म त्याच्याच कारकिर्दीतला, हे मत्तय स्पष्ट सांगतो व लूकचा पहिला अध्यायही तसेच सुचवतो. म्हणजे दहा-एक वर्षांचे अंतर पडते. क्विरीनिय त्याआधीही एकदा सूरियाचा सुभेदार होता, असा एक तोडगा सुचवला जातो. पण हेरोदाच्या अखेरच्या वर्षांतील सुभेदार सातुर्निन आणि वारुस होते हे माहीत आहे. ‘पहिली नावनिशी’ याऐवजी ‘क्विरीनियाच्या आधीची नावनिशी’ असे भाषांतर करावे, हा दुसरा तोडगा. ग्रीक वाक्य त्यासाठी बरेच ओढावे लागते. इ.स. 6ची नावनिशी आणि तिच्या वेळी झालेले गालीलकर यहूदाचे बंड लूकला ठाऊक होते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायावरून दिसते. माझ्या मते हा प्रश्न आज आहे तसा मोकळा ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. तो सुटला नाही म्हणून विश्वास ढासळत नाही, पण तो सुटला आहे असे मुलांना शिकवू नये.

फरकांइतकेच जुळणीकडेही लक्ष द्यावे. मत्तय योसेफाच्या बाजूने सांगतो, स्वप्नांतून आणि संदेष्ट्यांच्या वचनांतून; लूक मरीयेच्या बाजूने, गीतांतून. दोघांनी एकमेकांची कथा पाहिली असावी असे त्यांच्या मजकुरावरून वाटत नाही. तरीही मरीया व योसेफ यांची मागणी झालेली असणे, पवित्र आत्म्याने झालेली गर्भधारणा, दाविदाचे घराणे, देवदूताने आधीच सांगितलेले येशू हे नाव, बेथलेहेमातील जन्म आणि नासरेथमधील बालपण या सर्व गोष्टी दोघांत सारख्या आहेत. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या दोन लेखकांत इतके जुळावे, हे मला क्विरीनियाच्या अडचणीपेक्षा अधिक वजनदार वाटते. दुसऱ्या शतकात तातियन या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग कथा तयार केली आणि सिरियाक भाषेच्या चर्चमध्ये ती बराच काळ वाचली जात होती; तरी शेवटी चर्चने एकजीव केलेले पुस्तक बाजूला ठेवून चार वेगळी पुस्तकेच राखली, फरकांसकट.

प्रश्न : मग गोठ्याच्या देखाव्यात मेंढपाळांशेजारी तीन राजे मांडणे चूक आहे का? — एक वाचक, अहमदनगर

उत्तर : मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि तीन ही संख्याही देत नाही, ती तीन भेटींवरून रूढ झाली. गोठ्यात ते आले नव्हते, कारण गव्हाणी लूकची आणि मागी लोक मत्तयाचे. आपला देखावा म्हणजे या दोन कथांचा घरगुती मेळच होय. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाणी मांडली, तेव्हापासून या प्रथेला बळ मिळाले, आणि ती मोडण्याचे काही कारण नाही. काही घरांत मागी लोकांच्या मूर्ती 25 डिसेंबरला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात आणि रोज थोड्या पुढे सरकवत 6 जानेवारीला बाळापाशी आणतात. मला ही रीत आवडते. मत्तयाशी पूर्ण इमान राखायचे असेल, तर मात्र गोठ्याशेजारी एक छोटे घरही बांधावे लागेल.