58 लाख आले, 6 लाख उरले

सिंहगड रोडवरून एका निवृत्त वाचकांचं पत्र आलंय. मुलगा सहा वर्षं दुबईत, दरमहा 80 हजार पाठवतो. स्वतःची पेन्शन 26 हजार. 50 लाखांचं कर्ज काढून मुलाच्या नावावर वाघोलीत 65 लाखांचा फ्लॅट घ्यावा का?

नको. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता 43 हजार. तुमच्याच अंदाजाने भाडं 18. वरचे 15 लाख आणि स्टॅम्प ड्युटी कुठून आणणार, ते पत्रात नाही. ‘पगार वाढेलच’ या भरवशावर कर्ज काढू नका.

मला काळजी वेगळीच वाटते. सहा वर्षांत घरी साधारण 58 लाख आले. शिल्लक काय, तर तुमच्या नावावर 6 लाखांची एफडी. पूर्वी पेन्शनमध्ये भागायचं. आता घरखर्चच 55 हजार आणि गाडीचा हप्ता 14. पैसे येत गेले, तसा खर्च वाढत गेला. मुलाची नोकरी मात्र व्हिसाला बांधलेली. तिथे परदेशी माणसाला पेन्शन नसते. ग्रॅच्युइटी मिळते, तीही पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी. उद्या तो परत आला तर त्याच्या हातात काय असेल?

त्यात तुम्ही घेतलेली ती ‘गॅरंटीड’ विमा पॉलिसी! वर्षाला 2 लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षाअखेर 32 लाख. म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. आणि विमा कोणाचा, तर तुमचा. घर ज्याच्या कमाईवर चालतं, त्या मुलाचा एक रुपयाचाही नाही. तुम्हाला ही पॉलिसी विकणाऱ्याने फक्त स्वतःचं कमिशन पाहिलं. दोन हप्ते गेलेत. पॉलिसी मध्येच बंद (सरेंडर) केल्यास किती मिळतील ते कंपनीकडून लेखी घ्या, तोवर तिसरा भरू नका.

येत्या महिन्यापासून घरी 40 हजारच घ्या. घरखर्च 45 वर आणा. गाडीचा हप्ता जाऊन 7 हजार उरतील, त्यातून तुम्हा दोघांचा आरोग्य विमा. एफडी अडीअडचणीला राहू दे. बाकीचे 40 मुलाने स्वतःच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या इथल्या बँक खात्यात ठेवावेत. त्या ठेवीचं व्याज इथे करमुक्त आहे, तुमच्या एफडीचं नाही. त्याचं पुण्यातलं जुनं बचत खातं अजून साधंच आहे, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या रुपयांतल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्या. नियमच आहे तसा. आणि एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) त्याच्या नावावर, सगळ्यात आधी.

हे पत्र त्यालाही वाचायला द्या.