‘कबूल कर, म्हणजे मिटेल’

‘पोलिसांनी नुसतं बोलावलं तरी मुलाचं रेकॉर्ड होतं का?’ पालक हे फार दबक्या आवाजात विचारतात. उत्तर माझ्या समुपदेशनातल्या एका प्रसंगातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीतला, वय 16. क्लासमधून एका मुलीचा मोबाईल गेला आणि मागच्या बाकावर बसणारा म्हणून संशय याच्यावर. चौकीतून फोन आला, ‘उद्या मुलाला घेऊन या.’ आई आणि मामा त्याला आधी माझ्याकडे घेऊन आले. मामांच्या खिशात परीक्षेच्या पॅडवरचा अर्धा कागद होता. अक्षर आईचं, मजकूर मामांचा : ‘माझ्याकडून चूक झाली, मोबाईलचे पैसे भरून देतो.’ खाली मुलाने सही करायची. मामांचं म्हणणं, पोलिसांत कशाला जायचं, दहा-पंधरा हजारांत मिटवून टाकू.

मुलगा एवढंच म्हणाला, “मी घेतलाच नाही, तर सही का करायची?”

मला विचाराल तर अशा वेळी पोलिसांपेक्षा घरच्यांच्या घाईचीच भीती जास्त. तो कागद आधी फाडायला लावला.

मग वकिलांना फोन लावून तिघांनाही समजावलं. 18 वर्षांखालच्या मुलाला 2015 चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतलंच, तर पालकांना कळवावं लागतं आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे (अशा मुलांची प्रकरणं हेच मंडळ ऐकतं) हजर करावं लागतं. त्याच कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे मुलाशी बोलणारा अधिकारी साध्या कपड्यांत हवा, आईवडील सोबत बसू शकतात, आणि मुलावर कबुलीची सक्ती नाही की जबाबावर त्याची सही मागायची नाही. साध्या चोरीच्या आरोपात, 18 वर्षांवरचं कोणी सामील नसेल तर, एफआयआरही होत नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते.

“आणि पासपोर्ट? नोकरी?” आईचा जीव तिथेच अडकलेला. कायद्याचं कलम 74 सांगतं की प्रकरण चालू असो की बंद झालेलं, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. मुलाचं नाव, फोटो छापणंही गुन्हा.

जाताना शाळेचा दाखला न्यायला सांगितलं, कारण वयाचा पहिला पुरावा तोच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, हेल्पलाईन 15100. (मुलगा 18 पूर्ण झालेला असेल तर वरचं संरक्षण नाही. तरी अटकेचं कारण सांगणं, 24 तासांत न्यायालयापुढे नेणं आणि वकिलाला भेटू देणं बंधनकारकच. पोलिसांपुढची कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही.)

चौकीत अर्धा तास बोलणं झालं, आई शेजारी बसली होती. पुन्हा बोलावणं आलं नाही. मोबाईल कोणी नेला ते मला माहीत नाही.

माझं काम खरं त्यानंतर सुरू झालं. “खरं सांग, तू घेतला नव्हतास ना?” असं आई रात्री जेवताना अजून विचारायची, आणि हा ताट सरकवून उठायचा. पुढची सत्रं मी आईबरोबरच घेतली. मुलाने क्लास बदलला. त्यासाठी त्याला रागवू नका, असं मामांनाही सांगितलं.