फीची एफडी मोडून शेअरची सरासरी खाली आणावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाइपलाइन टाकणाऱ्या एका छोट्या कंत्राटदार कंपनीचे 1,700 शेअर तुम्ही सरासरी 184 रुपयांनी घेतलेत. मोठ्या भागीदाराने साथ सोडली, पाठोपाठ पाणीपुरवठ्याचं कामही गेलं, भाव 96 वर आला. ऐरोलीतल्या तुमच्या मित्रांच्या ग्रुपवर म्हणे 'नवा भागीदार ठरलाय, फक्त जाहीर व्हायचंय'. म्हणून मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची 4 लाखांची एफडी मोडू का?

नका मोडू.

सगळे गेलेल्या कामाची रक्कम मोजत बसलेत; मला भागीदाराचं जाणं जास्त खुपतं. अशा टेंडरांत अमुक व्यासाची, अमुक किलोमीटर लाइन आधी टाकल्याचा दाखला आणि ठरावीक उलाढाल मागतात. छोटी कंपनी तिथे मोठ्याच्या अनुभवावर पात्र ठरते. तो गेला की पुढची टेंडरं भरणंच अवघड होतं. शिवाय काम कोणाच्या चुकीने गेलं, त्यावर बँक गॅरंटी (काम पूर्ण न केल्यास पैसे देण्याची बँकेने घेतलेली हमी) वटवली जाणार का हे ठरतं. वार्षिक अहवालात 'कंटिंजंट लायबिलिटीज'ची (पुढे अंगावर येऊ शकतील अशा देण्यांची) टीप उघडा, गॅरंट्यांचा आकडा बहुधा तिथे सापडेल.

'कंपनी नाकारत नाही, म्हणजे बातमी खरी' हा ग्रुपवरचा तर्क तर सोडूनच द्या. अफवांवर खुलासा करण्याची सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) सक्ती बाजारमूल्याने पहिल्या 250 कंपन्यांना आहे; तुमची त्यांच्या जवळपासही नाही. महत्त्वाचा करार खरंच झाला, तर तो एक्स्चेंजला कळवावाच लागेल. आणि कुणाकडे आतली पक्की खबर असेलच, तर तिच्यावर खरेदी करणं हा गुन्हा आहे, हे त्या मित्रालाही सांगा.

4 लाख घातले तर सरासरी 122 च्या आसपास येते. तरीही भाव 27 टक्के चढल्याशिवाय मुद्दल सुटत नाही. तो 60 वर गेला तर एकूण तोटा साडेतीन लाखांच्या वर, आणि फी तर जूनमध्येच भरायची आहे.

हातातले निम्मे शेअर विका. खरेदीला वर्ष झालं नसेल तर हा तोटा अल्पकालीन. इतर शेअर-फंडांच्या भांडवली नफ्यातून तो वजा होतो आणि रिटर्न मुदतीत भरलंत तर उरलेला 8 वर्षं पुढे नेता येतो. बाकीचे निम्मे पुढच्या तिमाही निकालापर्यंत ठेवा. त्यात ऑर्डर बुक (हातातली उरलेली कामं) आटलेली दिसली, किंवा शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर वाढलेले दिसले, तर तेही काढून टाका.