पालकाचा हिरवा रंग आणि दाण्याचं कूट

प्रश्न : हिरव्या भाज्यांतल्या हरितद्रव्यामुळे जनुकांतले बिघाड टळतात, असं वाचलं. हे खरं की निव्वळ जाहिरात? क्लोरोफिलचे थेंब घ्यावेत का?

उत्तर : खरं आहे, पण ठरावीक विषांपुरतं. सर्वांत नीट तपासलेलं उदाहरण अफ्लाटॉक्सिनचं. दमट शेंगदाण्यावर, मक्यावर जी बुरशी धरते, तिचं हे विष. यकृतात त्याचं रूप बदलतं आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या 'अक्षराला' जाऊन चिकटतं. पेशी दुभंगताना तिथे चुकीचं अक्षर उतरलं की झाला कायमचा बिघाड. हरितद्रव्याचा रेणू म्हणजे एक सपाट कडं. अफ्लाटॉक्सिनही सपाट. आतड्यात दोघं एकमेकांना बिलगतात आणि विषाचा बराच भाग शोषला न जाता शौचावाटे निघून जातो.

चीनच्या चिदाँग भागात यकृताचा कर्करोग फार. तिथे १८० प्रौढांवर चार महिने चाचणी झाली, निष्कर्ष २००१ साली छापून आले. दर जेवणाआधी १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन (हरितद्रव्यापासून बनवलेला रंग), दिवसातून तीनदा. डीएनएला झालेल्या इजेची लघवीतली खूण औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ५५ टक्के कमी भरली. मोजली ती खूण. कर्करोग किती टळले हे नव्हे.

बाजारातले थेंब बहुधा क्लोरोफिलिनचेच असतात : हरितद्रव्याच्या कड्यातल्या मॅग्नेशियमच्या जागी तांबं आणि रेणूची शेपूट तोडलेली, म्हणून पाण्यात विरघळतं. सकाळी उपाशीपोटी घेऊन फारसं साधत नाही, कारण विष आणि रंग एकाच वेळी पोटात हवेत. ताटातली पालेभाजी ही वेळ आपसूक साधते. म्हणून थेंबांवर पैसे घालवू नयेत, असं आमचं मत.

त्यातही गंमत अशी, की आपण पालकाच्या पातळ भाजीत शेंगदाणेच घालतो! पण भाजी आहे म्हणून खवट दाणे खपवू नका. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाका. भाजल्याने विष थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. तयार कुटात खराब दाणा ओळखूच येत नाही. अख्खे दाणे आणा, निवडा, भाजा, आठवड्यापुरतंच कूट करा. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागांत अवकाळी पावसात भिजलेला, याच विषाने भरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती.

प्रश्न : भाजी शिजताना काळपट पडते. सोडा घातला तर रंग टिकेल ना?

उत्तर : टिकेल, पण क जीवनसत्त्व आणि थायमिन जाईल, पानांचा लगदा होईल. भाजीतल्याच आम्लामुळे हरितद्रव्याच्या कड्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, म्हणून ती शेवाळी दिसते. कडं मात्र शाबूत राहतं. तेव्हा अशी भाजी वाया गेली असं मानू नका. पहिली काही मिनिटं झाकण ठेवू नका, आम्लाची वाफ निघून जाऊ द्या. चिंच, टोमॅटो, ताक अगदी शेवटी.

प्रश्न : वडील वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेतात. त्यांना रोज पालेभाजी चालेल?

उत्तर : चालेल, पण प्रमाण रोज सारखं हवं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करतं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन वाट्या मेथी, असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) हलतो. भाजी वाढवायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते रक्त तपासून गोळीचा डोस ठरवतील.